तेजाचा हिशेब

या पुस्तिकेत एकही देखणं छायाचित्र नाही. खगोलावरचं मराठी पुस्तक उघडलं की पहिल्या दोन-चार पानांत निळा-जांभळा तेजोमेघ हमखास भेटतो. इथे भेटतील ती करडी, दाणेदार चित्रं, आणि त्यांतले तारे मुद्दाम थोडे फोकसबाहेर ठेवलेले. चाळणाऱ्याला वाटेल, छापखान्यात काही गडबड झाली. तशी ती झालेली नाही. ही चित्रं मोजण्यासाठी छापली आहेत. साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातून एखाद्या ताऱ्याचं तेज आकड्यात कसं काढायचं, तो आकडा कितपत खरा मानायचा आणि नोंद कशी करायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय.

अचलपूर-परतवाड्यातल्या दोन शिक्षकांनी ती बारावी आणि बी.एस्सी.च्या मुलांसाठी लिहिली आहे. प्रस्तावना लांबेल, असं मी त्यांना आधीच बजावलं होतं. "लांबू द्या," म्हणाले. तेव्हा पुढच्या पानांचा निम्मा दोष त्यांच्याकडे.

तारे ओळखणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. वऱ्हाडातला कास्तकार आजही रोहिणी, मृग, आर्द्रा यांच्याच हिशेबाने पावसाविषयी बोलतो. गंमत अशी की मृग लागला असं आपण म्हणतो, तेव्हा मृगाचे तारे आकाशात दिसतच नसतात. सूर्य त्यांच्यापाशी आलेला असतो आणि ते त्याच्या उजेडात बुडालेले असतात. शाळा-कॉलेजांतून आकाशदर्शनाचे कार्यक्रमही होतात. शनीची कडी दिसली, गुरूचे चार चंद्र दिसले, रांगेतल्या प्रत्येकाने एकदा "अरे वा!" म्हटलं, की सतरंज्या गुंडाळायच्या. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत काय उरतं? बहुतेक वेळा काहीच नाही. आकाश बघण्याची हौस आपण मुलांना लावली आणि आकाश मोजण्याची सवय मात्र लावली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ही पुस्तिका तिच्यावरचा पहिला उतारा वाटली, म्हणून मी लिहायला होकार दिला.

तक्रार करताना आपल्याच मातीतली एक गोष्ट विसरून चालणार नाही. 'सूर्यसिद्धान्ता'वर रंगनाथाने १६०३ मध्ये 'गूढार्थप्रकाशक' नावाची टीका लिहिली. ती काशीत लिहिली गेली, पण रंगनाथाचं घराणं मूळचं वऱ्हाडातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असं सामान्यतः मानतात. आणि या गावाचा ठावठिकाणा सांगताना जुन्या ग्रंथात एलिचपूरचाच, म्हणजे आपल्या अचलपूरचाच, हवाला येतो. रंगनाथाचा भाऊ कृष्ण दैवज्ञ याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली; मुलगा मुनीश्वर याने 'सिद्धान्तसार्वभौम' रचला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या घराण्याची हकीकत दिली आहे. अचलपुरात दुल्हा दरवाजा आणि हौज कटोरा दाखवणारे पुष्कळ भेटतात. या घराण्याचं नाव घेणारा मला क्वचितच भेटला.

रंगनाथाने ज्या ग्रंथावर टीका लिहिली, त्यातलं एक प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. सूर्य एखाद्या ताऱ्यापाशी आला की तारा काही दिवस लोपतो, आणि सूर्य पुढे सरकला की पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतो. लखलखीत तारा सूर्याच्या बराच जवळ असतानाही दिसतो. फिक्या ताऱ्याला सूर्यापासून लांब जावं लागतं. किती लांब, हे सिद्धान्तकार 'कालांशां'त सांगतो. एक कालांश म्हणजे उगवण्यातला चार मिनिटांचा फरक. स्वाती, अगस्त्य, मृगव्याध, चित्रा, ज्येष्ठा, पुनर्वसू, अभिजित आणि ब्रह्महृदय यांना १३ कालांश पुरतात, म्हणजे सूर्याच्या ५२ मिनिटं आधी उगवले की ते दिसतात. रोहिणी, मघा, श्रवण, हस्त यांना १४ लागतात. कृत्तिका, अनुराधा, मूळ, आश्लेषा १५ मध्ये. भरणी, पुष्य आणि मृगशीर्ष यांना मात्र २१, आणि कारणही तिथेच दिलेलं आहे : ते बारीक आहेत म्हणून. उरलेल्यांना १७. असे पाच वर्ग झाले. वर्गवारी उदयास्तासाठी असली, तरी ती तेजाचीच वर्गवारी आहे, आणि ती ठरवण्याची युक्ती सुरेख आहे. नुसतं "हा मोठा, तो लहान" असं न म्हणता एक कसोटी ठरवली आणि तारा त्या कसोटीला कधी उतरतो ते पाहिलं.

आता मर्यादा पाहा. १३ कालांशांच्या पहिल्या वर्गात व्याधही आहे आणि चित्राही. आजच्या मापाने व्याधाचा प्रकाश चित्रेच्या नऊ पटींहून अधिक भरतो. नऊ पटींचा फरक एकाच कप्प्यात! डोळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची घडणच तशी आहे. अंधारी रात्र आणि भर दुपार दोन्ही त्याला सांभाळायचं असतं, म्हणून तो मोठे फरक दाबून लहान करून दाखवतो. शिवाय या परंपरेत तारा हा स्थिर, कायमचा मानलेला. त्याची जागा पुन्हा पुन्हा तपासावी लागते, कारण अयनचलन आहे. तेज तपासण्याची गरज कुणाला भासली नाही. एकदा ठरलेला वर्ग पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरवला गेला.

ग्रीकांकडेही असेच वर्ग होते, सहा. टॉलेमीच्या ताऱ्यांच्या यादीत सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे ते सहाव्या. आपण मराठीत 'प्रत' म्हणतो ती हीच. या ढोबळ वर्गांना गणिताची शिस्त लावली नॉर्मन पॉग्सन याने १८५६ मध्ये. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या शंभरपट तेजस्वी धरायचा, म्हणजे एकेका प्रतीला २.५१२ पट. प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी, हा उलटा हिशेब तेव्हापासून गळ्यात पडला तो पडलाच. मुलं पहिले काही दिवस त्यात हटकून गोंधळतात. हाच पॉग्सन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत सरकारी खगोलज्ञ म्हणून आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं तेज बदलतं, हे त्याच वेधशाळेत शोधून काढलं. म्हणजे ज्या मापाने आज सारं जग तारे मोजतं, ते माप ठरवणाऱ्या माणसाने आयुष्यातली तीस वर्षं भारताच्या आकाशाखाली घालवली.

महाराष्ट्राची गोष्ट थोडी खंतावणारी आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली, वीस इंची दुर्बीण आणली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्यानंतर जुन्नरजवळ गिरवलीला 'आयुका' या संस्थेची दोन मीटरची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. मधली जवळजवळ शंभर वर्षं हौशी मंडळींनी रेटली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. विदर्भात हे लोण फार उशिरा पोचलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण पुस्तिकेची खरी ताकद तिथे आहे. लेखकांनी संगणकाच्या तयार प्रणालीपासून सुरुवात केलेली नाही. पहिल्याच प्रकरणात त्यांनी पंधरा बाय पंधरा चौकटींचा एक तक्ता छापला आहे. प्रत्येक चौकटीत एक आकडा. कोपऱ्यांत २०८, २१३, २०५ असे. मध्याकडे सरकावं तसे ते वाढत जातात, आणि अगदी मधल्या चौकटींत सातशे-नऊशेच्या घरात पोचतात. हा तक्ता म्हणजेच तारा. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाश ज्या बारीक बारीक चौकटींत गोळा होतो, त्यांतल्या प्रत्येकीने आपली मोजणी लिहून ठेवली आहे. मोबाइलच्या पडद्यावर आपल्याला ठिपका दिसतो; खाली हे आकडे असतात. मुलांनी हा तक्ता पेन्सिलने गिरवावा, वर्तुळ काढावं आणि बेरीज हाताने करावी, असा लेखकांचा आग्रह आहे. मला तो पटतो. एकदा ही बेरीज बोटांनी केली की पुढे 'अ‍ॅस्ट्रोइमेजजे' किंवा पायथनमधली 'अ‍ॅस्ट्रोपाय' आतल्या आत काय करते, याचं गूढ उरत नाही.

बेरीज म्हणजे मात्र ताऱ्याचं तेज नव्हे. नेमकी हीच जागा आहे जिथे नवशिके अडखळतात. आकाश कधीच पूर्ण काळं नसतं. रस्त्यावरचे दिवे, चंद्र, धूळ, वातावरणाची स्वतःची मंद प्रभा, हे सगळं प्रत्येक चौकटीत पडलेलं असतं. बाजार समितीत कापसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी, आणि दोन्हींतला फरक तो कापूस. इथेही हिशेब तोच. ताऱ्याभोवती आणखी एक मोठं कडं आखायचं, त्यातल्या चौकटींचा मध्यक काढायचा आणि तेवढं आकाश ताऱ्याच्या वर्तुळातल्या प्रत्येक चौकटीतून वजा करायचं.

एक उदाहरण सोडवून दाखवतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तारे खरे आहेत. गरुडातला श्रवण सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या सरळ दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्या कमी अंतरावर, एक साधासा तारा आहे : ईटा गरुड. १७८४ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड पिगटने त्याचं तेज बदलतं हे ओळखलं. तो ३.५ आणि ४.४ या प्रतींच्या दरम्यान ७.१८ दिवसांत एक फेरी करतो. चढतो झरझर, उतरतो सावकाश. समजा, आपल्या चित्रात त्याच्या वर्तुळातल्या ११३ चौकटींची बेरीज ४८,२०० आली. बाजूच्या कड्यात आकाश चौकटीमागे २१०. ११३ गुणिले २१० म्हणजे २३,७३०. वजा केल्यावर ताऱ्याचे उरले २४,४७०. बघा, बेरजेतला जवळजवळ निम्मा भाग आकाशाचा होता!

पण २४,४७० म्हणजे किती? नुसत्या या आकड्याला काहीच अर्थ नाही. लेन्स दुसरी असती, शटरची उघडीप जास्त वेळ ठेवली असती, हवेत धूळ असती, तर तो बदलला असता. म्हणून त्याच चित्रातला, ज्याचं तेज स्थिर आणि माहीत आहे असा तारा घ्यायचा. श्रवणाच्या अलीकडे-पलीकडे दोन तारे आहेत; त्यांतला दक्षिणेकडचा, फिका, तो बीटा गरुड. त्याची प्रत ३.७१. त्याचा रंगही ईटासारखा पिवळसर, हे महत्त्वाचं, कारण कॅमेरा निळ्या आणि तांबड्या ताऱ्यांना सारखा न्याय देत नाही. त्याची वजाबाकी केलेली बेरीज समजा ३८,९०० आली. दोन्हींचं गुणोत्तर १.५९, त्याचा लॉगरिदम ०.२०, त्याला अडीचने गुणलं की ०.५०. म्हणजे ईटा हा बीटापेक्षा अर्ध्या प्रतीने फिका : ४.२१. दोघांवर तीच हवा, तीच धूळ, तोच कॅमेरा होता, त्यामुळे त्यांचे परिणाम बहुतांशी एकमेकांत कटले. या साध्या तुलनेच्या जोरावर गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून निघालेला आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

त्यानंतर लगेच तिसरा तारा. आयोटा गरुडाची प्रत ४.३६ आहे. तीही याच रीतीने काढायची, जणू आपल्याला माहीतच नाही. उत्तर ४.३६ च्या जवळपास आलं तर ठीक, ४.६ आलं तर त्या रात्रीचं सगळं काम बाजूला ठेवायचं, कारण पातळ ढग आला असेल किंवा तुलनेच्या ताऱ्याच्या वर्तुळात शेजारचा एखादा तारा शिरला असेल. या तपासताऱ्याला कंटाळून जो फाटा देतो, त्याच्या वहीवर माझा विश्वास नाही.

आता त्रुटी. प्रकाश थेंबाथेंबाने येतो आणि थेंबांची मोजणी प्रत्येक वेळी थोडी वेगळी येते. साधारणतः एकूण मोजणीच्या वर्गमुळाइतकी. ४८,२०० चं वर्गमूळ सुमारे २२०. ताऱ्याच्या २४,४७० मध्ये २२० म्हणजे एक टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे प्रतीत ०.०१. कागदावर छान. प्रत्यक्षात तारा लुकलुकतो, आणि छोट्या लेन्सला, पाच-सात सेकंदांच्या उघडिपीत, हे लुकलुकणं त्याहून महाग पडतं. म्हणून एका चित्रावर भिस्त न ठेवता ओळीने दहा चित्रं घ्यायची, दहा उत्तरं काढायची आणि ती किती विखुरली आहेत ते पाहायचं. विखुरणं ०.०४ असेल, तर आपली त्रुटी ०.०४. कागदावरचं ०.०१ विसरायचं. ज्या ताऱ्याचं तेज ०.९ प्रतीने बदलतं त्याच्यासाठी ०.०४ भरपूर आहे. परग्रह आपल्या ताऱ्यावरून सरकताना होणारी टक्का-दीड टक्क्याची घट पकडायची असेल, तर नाही. कुठल्या कामाला किती नेमकेपणा लागतो, हे आधी ठरवलं की निम्मा मनस्ताप वाचतो.

बाकीच्या खबरदाऱ्या पुस्तिकेत सविस्तर आहेत. मी दोनच गोष्टींवर जोर देतो. पहिली : चित्र 'रॉ' स्वरूपातच साठवा. जेपेग करताना कॅमेरा आकडे आपल्या मर्जीने वाकवतो, चेहरे गोरे दिसावेत म्हणून; तसल्या आकड्यांवर बेरीज करण्यात अर्थ नाही. रॉमधूनही फक्त हिरव्या चौकटी वापरा, त्या खगोलज्ञांच्या दृश्य पट्ट्याच्या सर्वांत जवळ जातात. तारा फोकसबाहेर ठेवण्याचं कारणही इथेच आहे : प्रकाश जास्त चौकटींवर पसरतो आणि मधली चौकट काठोकाठ भरून वाया जात नाही. भरलेली चौकट पुढे मोजत नाही, आणि तसं सांगतही नाही. दुसरी : लेन्सच्या कडांना प्रकाश कमी पोचतो, कधी कधी कोपऱ्यात निम्म्यापर्यंत. त्यामुळे मधला तारा आणि कोपऱ्यातला तारा यांची थेट तुलना चूक ठरते. लेन्सच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून बांधा, दिवस मावळल्यावर उजेड असलेल्या आकाशाकडे कॅमेरा करा, चार-सहा चित्रं ('फ्लॅट') घ्या आणि त्यांनी मूळ चित्राला भागा. दहा मिनिटांचं काम. मुलं ते टाळतात, आणि मग आपण नवा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा शोधला असं त्यांना वाटतं.

"आमच्याकडे कुठे अंधारं आकाश?" हा प्रश्न येणारच. दाट अंधार हवा असेल तर घाट चढून चिखलदऱ्याला जा. सुमारे १,१०० मीटर उंची, पलीकडे मेळघाटचं जंगल. पण चौथ्या प्रतीच्या ताऱ्याला त्याची गरज नाही. परतवाड्याच्या गच्चीवर आकाशाचा आकडा २१० ऐवजी ६०० येईल, त्रुटी थोडी वाढेल, वजाबाकी तीच राहील. खरी अडचण ऋतूंची. जून ते सप्टेंबर आकाश बंद. ऑक्टोबर उजाडला की गरुड संध्याकाळी साडेसातच्या सुमारास डोक्यावर असतो. अचलपूरचा अक्षांश २१ अंशांच्या थोडा वर, त्यामुळे ईटा क्षितिजापासून ७० अंश चढतो, आणि इतक्या वरून येणाऱ्या प्रकाशाला हवेचा थर कमीत कमी लागतो. तीस अंशांवर हाच थर दुप्पट होतो. कोजागिरीच्या आसपासचे दोन-तीन दिवस चंद्र आकाश धुऊन काढतो. तेव्हा दूध आटवावं, कॅमेरा ठेवून द्यावा. नोव्हेंबर-डिसेंबरात ययातीतला अल्गॉल घ्या. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याच्यावर त्याचाच जोडीदार ग्रहण लावतो आणि २.१ प्रतीचा तारा काही तासांत ३.४ वर उतरतो. एका रात्रीत बसल्या जागी आलेख उतरताना पाहायचा असेल तर याच्यासारखा तारा नाही. फेब्रुवारीनंतर वावरांत पऱ्हाट्या पेटल्या की क्षितिजाजवळचं काही मोजू नये.

कॅमेऱ्याच्या खर्चाबद्दल लेखकांनी सुचवलेली तोड मला फार आवडली. गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे चांगला डीएसएलआर असतो आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत तो मोकळा असतो. नेमका तोच काळ गरुडाचा.

कॅमेरा मिळालाच नाही तर? तरीही काम अडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावर 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' २०१८ मध्ये सुरू झाली. अट्ठेचाळीस इंची दुर्बीण, एका चित्रात आकाशाचे ४७ चौरस अंश, आणि उत्तरेचं सगळं आकाश दर दोन-तीन रात्रींनी पुन्हा. त्यातली बरीच माहिती ठरावीक काळाने सर्वांसाठी खुली होते. आपल्याकडे लडाखमधल्या हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीणही बदलत्या आकाशावरच नजर ठेवून असते. 'गाया' यानाने तर सुमारे १८० कोटी ताऱ्यांची तेजं मोजून ठेवली आहेत. अचलपूरच्या मुलाने वाचनालयाच्या संगणकावर बसून पालोमारचं चित्र उघडावं आणि वर सांगितलेली वजाबाकी त्याच्यावर करावी, याला आज कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

मग आपल्या गच्चीवरच्या चित्रांना कोण विचारतो? हा प्रश्न पुस्तिकेत नाही. तो असायला हवा होता, म्हणून त्याचं उत्तर इथे देतो. मोठ्या दुर्बिणींना तेजस्वी तारे सोसत नाहीत. पालोमारच्या त्या कॅमेऱ्यात बाराव्या-तेराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांच्या चौकटी भरून वाहतात. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा, तिची मर्यादा आणखी खाली. म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे, 'सूर्यसिद्धान्ता'च्या यादीतले तारे, या महाकाय यंत्रांना नीट मोजताच येत नाहीत. २०१९ च्या अखेरीस मृगाच्या खांद्यावरचा तांबूस काक्षी फिका पडू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला, तेव्हा त्याचा रोजचा आलेख राखला तो बऱ्याच अंशी लहान उपकरणांनी आणि हौशी निरीक्षकांनी. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला होता, हे पुढे स्पष्ट झालं. पण ती घट केव्हा सुरू झाली आणि किती वेगाने झाली, याचं उत्तर आलेखातच होतं.

राधागोविंद चंद्र हे नाव मुलांना जरूर सांगा. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारा हा गृहस्थ रात्री रूपविकारी तारे पाहायचा. अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झालेल्या रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेकडे त्याने सदतीस हजारांवर निरीक्षणं पाठवली. काम पाहून संघटनेने त्याला सहा इंची दुर्बीण धाडली. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणु बाप्पूंकडे गेली. त्याच्याकडे पदवी नव्हती आणि कॅमेराही नव्हता. सातत्य होतं. त्या संघटनेचा नोंदसंग्रह आजही कुणालाही खुला आहे, त्यात कुणीही भर घालू शकतो, आणि कॅमेऱ्याने काढलेल्या नोंदीपुढे त्रुटी आणि तुलनेचे तारे विचारले जातात.

पुस्तिकेवर माझे दोन आक्षेप आहेत. त्रुटीचं प्रकरण शेवटी टाकलं आहे. ते दुसरं असायला हवं होतं. आकडा हाती लागला की मुलं पुस्तक मिटतात, आणि त्रुटीशिवायचा आकडा म्हणजे अफवा. दुसरा आक्षेप, वातावरणाने शोषलेल्या प्रकाशाची दुरुस्ती फार थोडक्यात उरकली आहे. वऱ्हाडच्या धुळकट हवेत प्रत्येक हवाथरामागे ०.२ ते ०.३ प्रत सहज जाते, आणि रुंद चित्रात एक तारा वर, एक खाली असेल तर नुसत्या तुलनेने ती पुरती कटत नाही. पुढच्या आवृत्तीत एवढं वाढवावं. भाषेबद्दल मात्र तक्रार नाही. लेखकांनी 'पिक्सेल'ला चौकट म्हटलं आणि 'फ्लॅट'ला फ्लॅटच ठेवलं. वर्गात तसंच बोलतात.

ज्यांच्या हाती हे पुस्तक पडेल, त्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ते वाचून कपाटात ठेवू नये, ही विनंती. पाऊस उघडला की ईटा गरुडापासून सुरुवात करा. आठ-दहा स्वच्छ रात्रींत अर्धामुर्धा आलेख हाती येतो. प्रत, त्रुटी, तुलनेचा तारा, तपासतारा आणि वेळ, या पाचही गोष्टी प्रत्येक ओळीत लिहा. वेळ विश्ववेळेत लिहायची असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा : रात्री साडेआठचं निरीक्षण १५:०० असं नोंदवायचं. आणि पहाटे साडेपाचच्या आधीचं निरीक्षण असेल, तर तारीखही आदल्या दिवसाची.